पाण्याचे खाडे

हिशेब, जबाब, हक्क, करार, वसुली, तगादा. हे शब्द उच्चारताना आपण मराठीच बोलत असतो, पण त्यांची मुळं अरबी-फारसीत आहेत. महसूल आणि कोर्टकचेरीच्या वाटेनं ते आले आणि इथलेच होऊन गेले. मला त्यांतला 'जाब' विशेष आवडतो. 'जबाब' झिजून तो आखूड झाला आणि आखूड झाल्यावर धारदार झाला. जबाब कुणीही देतो, जाब मात्र मागावा लागतो. आज पाण्याविषयी बोलायचं आहे ते या अंगानं.

माझं गाव मराठवाड्यातलं, काळ्या कातळावर वसलेलं. लहानपणी अम्मी फजरच्या अजानीआधी घागर घेऊन विहिरीवर जायची. विहिरीवर तेव्हा गर्दी नसे, आणि अंधार असे. अंधाराचं कारण मला मोठेपणी कळलं. घरात संडास नव्हता. बायाबापड्यांना उजाडायच्या आत बाहेर जाऊन यावं लागे. सरकारदरबारी पाणी आणि संडास ही दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या योजना. अम्मीच्या दिवसात ते एकच काम होतं. पुढं संडास बांधले गेले, पण पाणी नसल्यामुळे त्यांत गोवऱ्या आणि सरपण ठेवलेलं मी पाहिलं आहे. कागदावर ते घर हागणदारीमुक्त.

सगळ्यांना पाणी, सगळ्यांना संडास हे वचन जगानं केव्हाच दिलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं जुलै २०१० मध्ये हा मानवी हक्क मानला. २०१५ साली सर्व देशांनी मिळून २०३० ची मुदत घातली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून याची मोजदाद ठेवतात. त्यांच्या २०२५ च्या अहवालानुसार सुरक्षित पिण्याचं पाणी न मिळणारे लोक २१० कोटी आहेत आणि सुरक्षित स्वच्छतेची सोय नसलेले ३४० कोटी. कवीला असल्या आकड्यांची सवय नसते. पण त्यांचं माप मला पटतं. चांगल्या स्रोताचं पाणी जाऊन-येऊन, रांगेसकट, अर्ध्या तासात मिळत असेल तर ती झाली नुसती प्राथमिक सोय. 'सुरक्षित' म्हणायचं तर पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं आणि दूषित नसावं. तिन्ही अटी एकदम. यातली मधली अट, 'लागेल तेव्हा', आपल्याकडे सगळ्यात लवकर विसरली जाते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. तेव्हा नळ असलेली ग्रामीण घरं सव्वातीन कोटींच्या आसपास होती. २०२५ पर्यंत ती पंधरा कोटींच्या वर गेली. हे काम लहान नाही, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ ची मुदत मात्र पाळता आली नाही, ती २०२८ पर्यंत वाढवली गेली.

आता अशा योजनेचे भागीदार मोजा. निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मग जिल्हा परिषद, ठेकेदार, कुठं स्वयंसेवी संस्था, ग्रामपंचायत. आणि शेवटी गावकरी. गावातल्या कामाच्या खर्चापैकी दहा टक्के वाटा त्यांनी पैशात किंवा श्रमात उचलायचा. डोंगराळ भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत पाच टक्के. म्हणजे गावकरी लाभार्थी नव्हे, रीतसर भागीदार आहे. पण जाब कुणाला विचारला जातो? पाणीपट्टी थकली की गावकऱ्याच्या दारात नोटीस येते. आठ दिवस नळ कोरडा राहिला तर कुणाच्या दारात नोटीस जाते?

निव्वळ खर्चाचा हिशेब म्हणजे पाण्याचा हिशेब नव्हे. आधीच्या राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमावर कॅगचा २०१८ चा अहवाल आहे. २०१२ ते २०१७ या काळात ८१,१६८ कोटी रुपये खर्च झाले, आणि माणशी रोज ५५ लिटर मिळणाऱ्या वस्त्यांचं प्रमाण वाढलं ते अवघं साडेपाच टक्क्यांनी.

हेच ५५ लिटर जल जीवन मिशनचंही किमान माप आहे. ते तपासायला अभियंता लागत नाही. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सुमारे अठरा बादल्या. तेवढ्या भरल्या की नाही, हे घरातली बाई सांगू शकते. पाण्याची गुणवत्ता तपासायची साधी पेटीही गावात असते आणि ती वापरायला पाच महिलांना शिकवायचं, असं योजनेतच आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर कागद पाहण्यापलीकडे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. पाईप कुठल्या दर्जाचा टाकला हे गावकऱ्यानं विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

सगळ्यात मोठी चावी मात्र ग्रामसभेच्या हातात आहे. 'हर घर जल' झाल्याचं आधी नुसतं कळवलं जातं. मग ग्रामसभेत वाचून, ठराव करून ते प्रमाणित व्हावं लागतं. कळवलेली गावं जास्त, प्रमाणित झालेली कमी. हा फरक मला दोष वाटत नाही. गाव 'थांबा' म्हणू शकतं, याची ती खूण आहे. फक्त ठराव कुठल्या महिन्यात करायचा हे पाहायला हवं. आमच्या कातळात पावसाचं पाणी फार मुरत नाही. ऑक्टोबरात धो धो चालणारी बोअर मार्चमध्ये गाळ ओकते. दिवाळीच्या तोंडावर केलेल्या ठरावाला एप्रिलमध्ये काय किंमत?

२०२२ साली ईदसाठी गावी गेलो होतो. ईद दोन दिवसांवर होती आणि महाराष्ट्रदिनाची ग्रामसभा होती. विषयपत्रिकेवर हाच ठराव. ठेकेदाराचा माणूस पुढच्या रांगेत, टाकी रंगवून तयार. आमच्या गल्लीतल्या एक मावशी उठल्या. त्यांच्या हातात कॅलेंडरचं पान होतं. दूध आलं नाही की आपण ज्या चौकटीत खाडा मांडतो, तसे त्यांनी पाण्याचे खाडे मांडले होते. एप्रिलचे दिवस तीस, खाडे एकवीस.

"हे आमच्या घरचं झालं," त्या म्हणाल्या, "खोटं वाटत असेल तर शेजारी विचारा, ग्रामसेवकसाहेब."

ग्रामसेवकांनी पान घेतलं, बोटानं चौकटी मोजल्या, परत एकदा मोजल्या. ठेकेदाराचा माणूस मोटार जळाल्याचं सांगू लागला. ती कधी जळाली, असं दोघी-तिघींनी विचारल्यावर तारीख काही त्याला सांगता येईना. सरपंचांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला. मावशींनी पान परत मागून घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "मे महिन्याचं पण आणते."