पडद्यावरचे वाचन आणि पानावरचे आकलन

दिवसभर मोबाइलवर बातम्या आणि संदेश वाचणारे अनेक जण परीक्षेच्या अभ्यासासाठी मात्र छापील पुस्तकच पसंत करतात. ही केवळ जुन्या सवयीची ओढ आहे, असा समज आहे. मात्र आकलनाच्या बाबतीत कागदाचेच पारडे जड असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे.

नॉर्वेत दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगणकावर वाचणाऱ्यांपेक्षा छापील मजकूर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. त्यानंतर २०१८ मध्ये स्पेन व इस्रायलमधील संशोधकांनी ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातील सहभागींची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर आणि मर्यादित वेळ असताना कागदाचा लाभ ठळकपणे दिसला. निव्वळ कथात्मक मजकुरात मात्र फरक आढळला नाही.

यामागील कारणे काय? छापील पुस्तकात मजकुराला ठरावीक जागा असते. 'डाव्या पानावर, तळाशी' अशी खूण स्मरणाला आधार देते. सरकत्या पडद्यावर ही खूण पुसली जाते, असे अभ्यासक मानतात. दुसरे कारण आत्मविश्वासाचे आहे. पडद्यावर वाचताना 'आपल्याला समजले' असे लवकर वाटते आणि वाचक घाईने पुढे सरकतो.

शाळांमध्ये संगणकीय साधनांचा मुक्त वापर करणाऱ्या स्वीडननेही २०२३ मध्ये धोरण बदलले. शालेय पुस्तकांच्या खरेदीसाठी तेथील सरकारने त्या वर्षी ६८.५ कोटी क्रोनर दिले.

महाराष्ट्रातील पालकांसाठीही हा विषय जिव्हाळ्याचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत असंख्य मुलांचा अभ्यास मोबाइलच्या छोट्या पडद्यावर झाला. 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके संगणकीय स्वरूपात विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय आहे. दृष्टिदोष असलेल्यांना अक्षरे मोठी करता येतात, हवा तो संदर्भ क्षणात सापडतो. त्यामुळे पडदा त्याज्य ठरत नाही. प्रश्न आहे तो कामाच्या वाटणीचा.

बातमी, शोध व संदर्भ यांसाठी पडदा पुरेसा आहे. मात्र जे समजून घ्यायचे आणि लक्षात ठेवायचे, ते शक्यतो कागदावर वाचावे. तसे शक्य नसल्यास वेग कमी ठेवावा, वहीत टिपणे काढावीत आणि प्रत्येक भागानंतर स्वतःलाच प्रश्न विचारून पाहावेत. समजल्याचा भास आणि प्रत्यक्ष समज यांतील अंतर त्यातूनच ध्यानात येते.