जुनं भांडं मोडीत घालण्याआधी काठावरचं नाव वाचा

सांगली : दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची जुनी भांडी खाली येतात. जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं, तर सगळीच भांडी अंगणात येऊन पडतात. हंडा, घागर, परात, तपेलं, घंगाळ, तांब्याचा बंब. रोजच्या वापराला स्टील आणि प्लास्टिक आलं, त्यामुळे ही भांडी जड वाटतात, जागा अडवतात. तेवढ्यात भंगारवाल्याची गाडी दारात येते आणि वजनावर सौदा होतो.

विकण्यात वावगं काही नाही. अडचणीला उपयोगी पडावं म्हणूनच म्हाताऱ्या माणसांनी पितळ-तांबं जपलं होतं. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी घरांतली भांडी गहाण पडली, मोडीत गेली आणि त्यावर चूल पेटली. पण आज घाईत एक गोष्ट राहून जाते. भांड्याच्या काठावर कोरलेली ओळ कुणी वाचत नाही. भट्टीत भांडं वितळलं की ती ओळ कायमची गेली.

नाव का घालत होते?

पूर्वी लग्नकार्याला, गावजेवणाला मंडप-केटरिंगवाला नव्हता. भावकीतून, शेजारपाजारातून भांडी गोळा करून स्वयंपाक व्हायचा. पन्नास घरच्या पराती एका ठिकाणी आल्यावर कुणाची कोणती हे कळायला नाव लागायचं. भांडं गहाण ठेवलं तर सोडवताना आपलंच परत मिळालं हे नावावरून कळायचं.

तिसरं कारण आहेराचं. मुलीच्या लग्नात मामा, चुलता, आत्या भांडं द्यायचे आणि त्यावर आपलं नाव घालून द्यायचे. बाजारात भांडं घेतलं की दुकानातच छिन्नी-हातोडीने ठिपके मारून नाव घालून मिळायचं. नंतर विजेची मशीन आली. म्हणून जुन्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसतात आणि अलीकडच्या भांड्यावर बारीक सलग रेघेची.

ओळीत काय काय असतं?

जागा कमी आणि मजकूर जास्त, म्हणून अक्षरं तोडून लिहिलेली असतात. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे लग्न ठरलेली नवरी. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, हे विधवा बाईच्या नावाआधी लिहायचे. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम पोस्ट. ‘यांचे स्मरणार्थ’ असेल, तर ते भांडं कुणाच्या तरी आठवणीत देवळाला, तालमीला किंवा भजनी मंडळाला दिलेलं असतं.

यात सगळ्यात मोलाचं असतं ते बाईचं नाव. जुन्या पिढीतल्या बहुतेक बायका शाळेत गेल्या नाहीत. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे सातबाऱ्यावरही अनेकींचं नाव नाही. जन्माची नोंद सापडत नाही, लग्नाचा फोटो काढलेला नाही. लग्नानंतर काही ठिकाणी नावही बदलायचे, मग माहेरचं नाव घरातसुद्धा कुणाला माहीत राहत नाही. अशा बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, मामाचं नाव आणि लग्नाची तारीख एका घागरीच्या गळ्यावर मिळू शकते. घरात बाकी कुठे लिहिलेलं नसेल, तर तो कागदच समजा, फक्त पितळेचा.

वर्ष कसं काढायचं?

काही भांड्यांवर शके घातलेला असतो. चैत्र पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी शकात ७८ मिळवायचे. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे वैशाख शके १८७९ हे १९५७ साल झालं आणि त्याच शकातला माघ १९५८ मध्ये आला.

तारीख नसेल तर गावापुढचा तालुका-जिल्हा बघा. आपल्या जिल्ह्यात यावरून बरंच कळतं.

• ‘संस्थान सांगली’, ‘संस्थान मिरज’, ‘संस्थान जत’ किंवा आटपाडी भागात ‘संस्थान औंध’ असं असेल, तर भांडं बहुधा मार्च १९४८ च्या आधीचं. त्या महिन्यात ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली.

• तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा भागातल्या भांड्यावर ‘जि. सातारा’ असेल, तर ते बहुधा १९४९ च्या आधीचं.

• ‘जि. द. सातारा’ म्हणजे दक्षिण सातारा. हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणजे भांडं या अकरा वर्षांतलं.

• पलूस भागातल्या गावापुढे ‘ता. तासगाव’ किंवा कडेगाव भागातल्या गावापुढे ‘ता. खानापूर’ दिसलं, तर ते हे दोन नवे तालुके होण्याआधीचं.

लोक सवयीने जुनं नाव काही वर्षं पुढेही वापरत राहतात. त्यामुळे वर्ष थोडं मागेपुढे धरायचं.

अक्षरं दिसत नसतील तर

नाव बहुतेक वेळा काठावर, गळ्याखाली किंवा बुडाला असतं. काजळी आणि हिरवट डाग चिंच-मीठ किंवा लिंबू लावून हाताने काढा. तारेची घासणी, पॉलिश पेपर किंवा मशीनचं बफिंग नको, त्याने अक्षरांचे ठिपकेच झिजतात. भांडं कोरडं करून अक्षरांवर हळद किंवा पीठ चोळा आणि वरचं हलकेच पुसा. खोलगट अक्षरांत पावडर राहते आणि ओळ उठून दिसते. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी एका बाजूने तिरपी धरली तरी झिजलेली अक्षरं वाचता येतात. तसाच फोटो काढून ठेवा.

भांडी उजळून देतो म्हणत दारात येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात भांडी किंवा दागिने देऊ नका. उजळण्याच्या नावाखाली दागिने लंपास केल्याच्या घटना गावोगाव घडल्या आहेत.

वापरायचं असेल तर

नुसत्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, आमटी असं आंबट ठेवायचं नाही. आंबटाने धातू अन्नात उतरतो. त्यासाठीच आतून कल्हई करतात. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्याला नवसागर लावून आतून दिलेला कथलाचा पातळ थर. ती आतल्या बाजूला असते, त्यामुळे बाहेरच्या नावाला धक्का लागत नाही. कल्हईवाला मिळत नसेल, तर परात कोरड्या धान्याला, घंगाळ अंघोळीच्या पाण्याला चालतं.

विकायचंच असेल तर

आधी घरच्या काट्यावर वजन करा. पितळ, तांबं आणि कासं वेगवेगळं काढा. तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो, एकत्र दिलं की भंगारवाला सगळं पितळेच्या भावात धरतो. कासं ओळखायला बोटाने टिचकी मारा, आवाज घुमून लांबतो. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि सगळीच भांडी द्यायची असली तरी नावाचं एखादं लहान भांडं, तांब्या किंवा वाटी, मागे ठेवा. त्याचे सुटणारे पैसे थोडेच असतात.

मागे ठेवणं जमत नसेल तर निदान एवढं करा. प्रत्येक ओळीचा फोटो काढा, वहीत उतरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे नाव कुणाचं, भांडं कोणत्या लग्नातलं. भांडं गेलं तरी फोटो राहील, पण सांगणारं माणूस गेल्यावर ते नाव कुणाचं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून भंगाराची गाडी येण्याआधी आजीला विचारून घ्या.