गुंतवणूक प्रकल्पांना गती : राज्यांचे कायदे आणि त्यांच्या मर्यादा

१९९१ मधील औद्योगिक धोरणाने बहुसंख्य उद्योगांसाठी केंद्राच्या परवान्याची आवश्यकता संपुष्टात आणली. त्यामुळे गुंतवणुकीच्या मार्गातील मोठा अडथळा दूर झाला. परंतु जमीन, पाणी, वीज जोडणी, बांधकाम परवाना, कारखाना नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती या बाबी राज्याच्या यंत्रणेकडेच राहिल्या. परिणामी कारखाना कोठे उभा राहील आणि किती काळात उभा राहील, हे ठरविण्यात राज्यांची भूमिका निर्णायक बनली. या स्पर्धेतूनच मोठ्या सार्वजनिक व खाजगी प्रकल्पांना गती देणारे राज्य कायदे निर्माण झाले.

घटनात्मक चौकट

हे कायदे समजून घेण्यासाठी घटनेची सातवी अनुसूची ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘जमीन’ हा विषय राज्यसूचीत (नोंद १८) आहे. उद्योग हा विषयही राज्यसूचीत (नोंद २४) असला तरी तो संघसूचीतील नोंद ७ व ५२ यांच्या अधीन आहे. मालमत्तेचे संपादन (नोंद ४२), वने (नोंद १७क) आणि वीज (नोंद ३८) हे विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणून राज्य विधानमंडळ आपल्या खात्यांना कालमर्यादा घालून देऊ शकते. मात्र केंद्रीय कायद्याने आवश्यक ठरविलेली वन किंवा पर्यावरणविषयक मंजुरी ते रद्द करू शकत नाही. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्यास अनुच्छेद २५४(२) नुसार त्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळवावी लागते.

कायद्यांचे तीन प्रकार

पहिला प्रकार खाजगी सहभागाचे नियम ठरविणाऱ्या कायद्यांचा आहे. गुजरातने १९९९ मध्ये पायाभूत सुविधा विकास कायदा केला. रस्ते, बंदरे, पाणीपुरवठा यांसारख्या कामांत खाजगी विकासकाची निवड कशी करावी आणि सवलत करार कोणत्या स्वरूपाचे असावेत, याची चौकट या कायद्याने घालून दिली. आंध्र प्रदेशाने २००१ मध्ये व पंजाबने २००२ मध्ये याच दिशेने कायदे केले. आंध्रच्या कायद्यात ‘स्विस चॅलेंज’ पद्धतीला स्थान होते. या पद्धतीत एखादी कंपनी स्वतःहून प्रस्ताव मांडते, इतरांना त्याहून सरस प्रस्ताव देण्याची संधी दिली जाते आणि मूळ प्रस्तावकाला त्याच्या बरोबरीस येण्याचा हक्क मिळतो. यामुळे नव्या कल्पनेला वाव मिळतो. परंतु मूळ प्रस्तावाची पुरेशी माहिती व पुरेसा अवधी इतरांना न मिळाल्यास स्पर्धा केवळ नावापुरती उरते.

दुसरा प्रकार ‘एक खिडकी’ कायद्यांचा आहे. कर्नाटकने २००२ मध्ये आणि राजस्थानने २०११ मध्ये असे कायदे केले. तेलंगणाने २०१४ मध्ये केलेला औद्योगिक प्रकल्प मंजुरी व स्वयंप्रमाणन कायदा या परंपरेतील विशेष उल्लेखनीय टप्पा होय. त्यातील व्यवस्थेनुसार महाप्रकल्पांना १५ दिवसांत व अन्य प्रकल्पांना ३० दिवसांत मंजुऱ्या देण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. नियमांचे पालन करण्याची हमी उद्योजक स्वतः देतो आणि तपासणी मुख्यतः नंतर होते. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये उद्योग, व्यापार व गुंतवणूक सुविधा कायदा संमत करून ‘मैत्री’ या एक खिडकी यंत्रणेस वैधानिक आधार दिला.

तिसरा प्रकार विशिष्ट क्षेत्रासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करणाऱ्या कायद्यांचा आहे. गुजरातच्या २००९ च्या विशेष गुंतवणूक क्षेत्र कायद्यानुसार १०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र ‘गुंतवणूक क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते. सुमारे ९२० चौरस किलोमीटरचे धोलेरा हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे जमिनीची उभारणी सरसकट संपादनाऐवजी प्रामुख्याने नगररचना योजनांद्वारे करण्याचे ठरले. या पद्धतीत जमिनीचा काही हिस्सा रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी जातो आणि उर्वरित जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने मूळ धारकाला परत मिळते.

भूसंपादनाचा कळीचा प्रश्न

मंजुऱ्यांचे वेळापत्रक आखणे तुलनेने सोपे असते. खरा विलंब जमिनीपाशी होतो. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने सामाजिक प्रभाव मूल्यमापन बंधनकारक केले. तसेच सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के आणि खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. या तरतुदी शिथिल करणारा केंद्राचा अध्यादेश २०१५ मध्ये व्यपगत झाल्यावर अनेक राज्यांनी अनुच्छेद २५४(२) चा मार्ग अवलंबिला. गुजरातने २०१६ मध्ये औद्योगिक मार्गिका, परवडणारी घरे व पायाभूत सुविधा अशा प्रकल्पांना मूल्यमापन व संमतीच्या अटींतून सूट देण्याची तरतूद केली.

तामिळनाडूचे उदाहरण अधिक बोलके आहे. राज्याच्या औद्योगिक प्रयोजनार्थ भूसंपादन कायद्यासह तीन कायदे केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरून शून्यवत झाले, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दिला. राज्याने त्याच वर्षी पुनरुज्जीवन कायदा करून राष्ट्रपतींची अनुमती मिळविली आणि सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तो वैध ठरविला. दरम्यान, त्या कायद्यांखाली झालेल्या संपादनाच्या वैधतेबाबत अनिश्चितता राहिली.

गतीची किंमत

वेगाचा आग्रह संमतीच्या पुढे गेल्यास काय होते, हे ओडिशातील नियमगिरी प्रकरणाने दाखविले. तेथे बॉक्साइट उत्खननाची अंतिम मंजुरी मिळण्यापूर्वीच लांजीगढ येथे अ‍ॅल्युमिना शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायदा, २००६ च्या आधारे ग्रामसभांचे म्हणणे घेण्याचा आदेश दिला. त्यावर्षी बाराही ग्रामसभांनी उत्खननास नकार दिला. आधी कारखाना व नंतर लोकांचे मत, हा क्रम डोंगरावरील आदिवासींना जितका अन्यायकारक होता, तितकाच भांडवलासाठीही महाग ठरला.

धोरणातील सातत्याचा अभावही तितकाच घातक असतो. आंध्र प्रदेशाने २०१४ च्या राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरण कायद्याखाली अमरावतीसाठी शेतकऱ्यांकडून भूएकत्रीकरणाद्वारे सुमारे ३३ हजार एकर जमीन मिळविली. त्या बदल्यात विकसित भूखंड व दहा वर्षे वार्षिक रक्कम देण्याचे ठरले. सत्तांतरानंतर २०२० मध्ये तीन राजधान्यांचे कायदे झाले. ते २०२१ मध्ये मागे घेण्यात आले आणि मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने राजधानी विकसित करण्याचे निर्देश दिले. २०२४ च्या सत्तांतरानंतर कामाला पुन्हा चालना मिळाली. विश्वासाने जमीन देणाऱ्या शेतकऱ्यासाठी मधली वर्षे मात्र परत येणारी नव्हती.

पुढील दिशा

केंद्रीय पातळीवर २०१३ मधील प्रकल्प संनियंत्रण गट, २०१५ मधील ‘प्रगती’ व्यासपीठ आणि २०२१ मधील राष्ट्रीय एक खिडकी प्रणाली व ‘गतिशक्ती’ आराखडा यांनी समन्वयाची साधने उपलब्ध करून दिली. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना विलंब घडविणारे मनाई हुकूम देण्यावर मर्यादा आणली.

तथापि, गती आणि घाई यांत फरक आहे. कार्यालयांमधील अनावश्यक फेऱ्या, एकाच कागदाची वारंवार मागणी आणि जबाबदारी नसलेला विलंब कायद्याने कमी करता येतो व तो केलाच पाहिजे. जनसुनावणी, ग्रामसभेचा ठराव व पर्यावरणीय तपासणी यांना लागणारा अवधी मात्र विलंब नव्हे. तो निर्णयाचाच भाग आहे. मंजुरीच्या दिवसांची संख्या हे यशाचे एक माप झाले. प्रकल्प प्रत्यक्ष सुरू झाला का, ठरलेला रोजगार निर्माण झाला का आणि जमीन देणाऱ्याला त्याचा वाटा वेळेवर मिळाला का, ही त्याहून महत्त्वाची मापे होत. त्यांची नोंद जनतेसमोर ठेवण्याचे बंधन या कायद्यांत आल्यास गुंतवणूक आणि न्याय यांची सांगड घालणे शक्य होईल.