बी.ए. ते एम.ए. : दलित विद्यार्थ्याची मधली वाट

दलित विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाविषयी आपल्याकडे दोन टोकांवरून बोलले जाते. एका टोकाला प्रवेश असतो. राखीव जागा, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे त्याचे विषय. दुसऱ्या टोकाला नोकरी असते. नेट, सेट, रोस्टर, मुलाखत हे तिचे विषय. या दोन टोकांच्या मध्ये विद्यार्थी नावाचा एक माणूस असतो आणि त्याच्या मनाचे काय होते याची नोंद कोणी ठेवीत नाही. बी.ए. झालेला मुलगा एम.ए.च्या वर्गात जाऊन बसतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत काय घडते हा विषय चळवळीच्या बैठकांत निघत नाही. लातूरच्या महाविद्यालयात शिकवताना मी दरवर्षी पाहतो की, चांगल्या गुणांनी पदवी घेतलेली काही मुले दिवाळीनंतर एम.ए.च्या वर्गात परतत नाहीत. विचारले तर म्हणतात, 'सर, ते आपल्याला जमणारं नाही.' हे 'जमणारं नाही' म्हणजे नेमके काय, ते येथे तपासून पाहायचे आहे.

पहिले कारण पैशाचे, आणि ते खरेच आहे. तालुक्याच्या गावी बी.ए. करणारा मुलगा एस.टी.च्या पासावर जातो आणि संध्याकाळी घरी असतो. सोयाबीनच्या काढणीला घरच्यांबरोबर गुत्त्यावर जातो. म्हणजे तो शिकतो, पण घरचे दोन हात कमी होत नाहीत. एम.ए.साठी तो नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेला की ते दोन हात जातात आणि खोलीचे भाडे, मेसचे पैसे हा नवा खर्च उभा राहतो. काढणीचा हंगाम आणि पहिल्या सत्राच्या चाचण्या एकाच सुमारास येतात. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, पण बहुधा गरज सरल्यावर मिळते. खोली शोधायला गेल्यावर घरमालक 'पाव्हणे कोणते?' असे विचारतो. हा प्रश्न नात्यागोत्याचा नसतो, जातीचा असतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको.

परंतु ज्यांची पैशाची सोय झालेली असते अशीही मुले परततात. तेव्हा पैशाच्या पलीकडेही काही असले पाहिजे.

आमच्याकडे बी.ए.ला 'गाईड' म्हणजे बाजारात मिळणारे पुस्तक. त्यात प्रश्न असतात, उत्तरे असतात. ज्याची पाठांतराची तयारी आहे तो पहिल्या वर्गात येतो. एम.ए.नंतर संशोधनात 'गाईड' म्हणजे माणूस. पहिला गाईड पैसे टाकले की कोणालाही मिळतो. दुसऱ्यासाठी त्याच्या खोलीचे दार वाजवावे लागते, समोरच्या खुर्चीवर बसावे लागते आणि 'सर, मला असे वाटते' असे म्हणावे लागते. ज्याच्या घरी प्राध्यापक चहाला येतात, त्याने हे वाक्य लहानपणीच उच्चारलेले असते. ज्याचा आजा पाटलाच्या वाड्यासमोर जोडे हातात घेऊन उभा राहिला, त्याच्या घरात 'मला असे वाटते' हे वाक्य कोणी कोणाला शिकविले? वाटणे हा अधिकार आहे, आणि तो पिढ्यान् पिढ्या नाकारला गेला. म्हणून मुलगा गाईडच्या दारापर्यंत जातो आणि तहसील कचेरीच्या दारातून परतावे तसा परततो. विभाग म्हणतो, 'बुजरा आहे.' मुलालाही तेच खरे वाटू लागते. वस्तुतः हा बुजरेपणा त्याचा एकट्याचा नव्हे. पदव्युत्तर शिक्षणाला एक अलिखित अभ्यासक्रम असतो. कोणते नियतकालिक चाळावे, चर्चेत कधी बोलावे, नाही समजले तर कोणत्या शब्दांत विचारावे, हे त्यात येते. हा अभ्यासक्रम विद्यापीठ छापत नाही. तो घराण्यातून मिळतो, आणि आमच्या घराण्यात तो नव्हता.

दुसरा बदल भाषेचा. बी.ए.ची परीक्षा कागदावर होते. एम.ए.ला तोंड उघडावे लागते. मी एम.ए.ला असताना माझ्या पहिल्या सेमिनारनंतर विषयावर एकही प्रश्न आला नाही. माझ्या 'ण' आणि 'न'ची चर्चा मात्र दहा मिनिटे चालली. त्यानंतर कित्येक आठवडे मी वर्गात गप्प होतो, आणि गप्प राहणाऱ्याला अंतर्गत गुण कसे पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की, त्याच वर्गात दलित-विमुक्तांची आत्मकथने अभ्यासाला असतात. लातूर भागातून आलेल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा पुस्तकांवर व्याख्यान सुरू झाले की सगळा वर्ग वळून एकाच बाकाकडे पाहतो. आमच्या मायबापांचे जगणे अभ्यासक्रमात येते, पण त्या जगण्यातून आलेला विद्यार्थी चर्चेत येत नाही. तो चर्चेचा नमुना होतो.

तिसरा बदल घराशी असलेल्या नात्याचा, आणि तो सर्वांत दुखरा आहे. बी.ए. म्हणजे काय हे गावाला कळते. फोटो निघतो, पेढे वाटले जातात. एम.ए. म्हणजे काय हे कळत नाही. माझी माय म्हणाली होती, 'परीक्षा संपली म्हनलास की. मग अजून काय शिकायलास बाबा?' या प्रश्नात तक्रार नव्हती, काळजी होती. बरोबरीची मुले पुण्याकडे कारखान्यांत लागलेली असतात, घरी पैसे धाडीत असतात. हा बाविसाव्या वर्षी घराकडून पैसे मागतो. शिवाय पुढे काय, तर नेट झालेले थोरले मित्र तासिका तत्त्वावर राबताना दिसतात. गावात बोलायला विषय उरत नाही आणि विभागात बोलायला तोंड उघडत नाही. ना तळ्यात, ना मळ्यात अशी ही अवस्था आहे. मुलींची कोंडी याहून कठीण. मुलाला 'किती शिकशील?' असे विचारतात. मुलीला विचारीत नाहीत, स्थळ पाहायला लागतात. एम.ए.ला आलेली आमची मुलगी दर सुट्टीला घरी जाताना परत येऊ की नाही या भीतीने जाते.

ही मधली वाट बाबासाहेबांनाही चालावी लागली. शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी जुलैत ते कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. आपण या इतिहासातील बुद्धिमत्तेचा गौरव करतो आणि तो रास्तच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर आजच्या विद्यार्थ्याला त्यातून धाकच मिळतो. 'ते बाबासाहेब होते, आपण कोण?' असे तो म्हणतो. म्हणून त्या बुद्धिमत्तेला आधार कशाचा मिळाला हेही सांगितले पाहिजे. सयाजीराव गायकवाडांची ठरलेल्या मुदतीची शिष्यवृत्ती होती. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा खोलीतला सोबती होता आणि ती मैत्री जन्मभर टिकली. आणि असा एक सेमिनार होता की जेथे जातीचा अनुभव घेतलेला माणूस जातीविषयी बोलतो, ही गोष्ट उणेपणाची ठरली नाही. पैसा, सोबत आणि ऐकून घेणारी सभा या तिन्ही गोष्टी मिळाल्या तेव्हा बी.ए.चा विद्यार्थी विद्वान झाला.

बाबासाहेबांनी हे स्वतःपुरते ठेवले नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच मिलिंद. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेला मुलगा तेथे एकटा पडला नाही. त्याच्यासारखे शंभर जण शेजारी होते. पुढे दलित साहित्याचे लेखक आणि चळवळीचे कार्यकर्ते त्या परिसरातून निघाले, ते केवळ ग्रंथालयामुळे नव्हे, त्या सोबतीमुळेही.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि त्यानंतर आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूरच्या मुलांना विद्यापीठ जवळ आले. वेशीवरच्या नावासाठी आपण रक्त दिले. आत गेलेल्या मुलाशी कोण कसे बोलते, हा लढा मात्र अजून हाती घेतलेला नाही.

तो हाती न घेतल्याची किंमत मोठी आहे. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंत भेदभाव कसा चालतो हे त्यात मांडले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. तो संशोधक विद्यार्थी होता. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली ही मुलगी पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होती. यांना मनाने दुबळे म्हणणे म्हणजे प्रश्न टाळणे आहे. ज्या पायऱ्या चढून ती वर गेली त्या दुबळ्या माणसाला चढता येत नाहीत.

मग करायचे काय? शासनाकडे वेळेवर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे मागत राहिलेच पाहिजे. पण काही कामे आपल्या हातची आहेत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकवणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाला आठवड्यातून दहा मिनिटे स्वतःचे मत मांडायला लावावे, त्याच्या बोलीत मांडले तरी चालेल. विद्यापीठात आधीपासून असलेल्या मुलांनी नव्या मुलांना पहिल्या महिन्यातच गाठावे, ग्रंथालयात न्यावे, अलिखित अभ्यासक्रम उघडपणे सांगून टाकावा. जयंतीच्या मिरवणुकीला जमणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग विद्यापीठाच्या गावी अभ्यास मंडळासाठी बाजूला काढावा. चार वर्षांच्या पदवीमुळे संशोधनाची पायरी आता तालुक्याच्या महाविद्यालयातच येणार आहे, तेव्हा ही कामे आणखी निकडीची होतील.

आणि मुलाच्या घरी जावे. आम्ही दोघे-तिघे शिक्षक उन्हाळ्यात जातो. मायबापांना सांगतो, 'बी.ए. म्हणजे सालानं राहिल्यासारखं, सांगितलेलं काम चोख करायचं. एम.ए. म्हणजे बटईनं रान केल्यासारखं, काय पेरायचं ते आपण ठरवायचं, अन् पाऊस नाही आला तर जोखीम आपली.' ते त्यांना लगेच समजते. एका माउलीने विचारले, 'मग बी-बियाण्याला कोन हाय त्याच्या पाठीशी?' विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या प्रत्येक मुलाच्या वतीने विचारलेला हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि आधी शिकून पुढे गेलेल्यांनी द्यायचे आहे.