वसंत येतो तो माघात!

वसंत म्हटला की चैत्र-वैशाख आलेच. मराठी शिकविण्याचा माझा व्यवसाय. वर्गात मीही हेच सांगत असतो. पण जळगाव-धुळ्याकडे चैत्रात पारा चाळिशीला टेकू लागतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाऊन बसतो. अशा मुलखात फुलदाणीसाठी विलायती वसंतफुले लावू म्हणणाऱ्या गृहस्थाला शेजारी हसले, तर नवल ते काय?

तरीही ही फुले खानदेशात छान येतात. मात्र त्यांचा वसंत आपल्या शिशिरात शोधावा लागतो. स्वीट पीचेच पाहा. हा वेल मूळचा सिसिली बेटावरचा. १६९९ साली कुपानी नावाच्या धर्मोपदेशकाने त्याचे बी इंग्लंडला धाडले. मायदेशी हे बी पानगळीच्या पावसावर रुजते, सौम्य थंडीत वाढते, फुलते आणि कडक उन्हाळ्याआधी बी धरून मोकळे होते. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा नेमका तोच काळ! म्हणून फराळाचे डबे रिकामे होण्याआधी बी मातीत पडलेले बरे.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात नाजूक मुळे कुजतात. तेव्हा तिच्यात नदीची रेती आणि मुरलेले शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करावा. स्वीट पीचे बी रात्रभर भिजवून जागच्या जागीच टोकावे; लार्कस्परही जागीच पेरावा. अ‍ॅस्टरची रोपे मात्र आधी तयार करून मग लावावीत. वेलाला आधार म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्यांसारखी स्वस्त वस्तू नाही. नळाला रोज पाणी येत नसेल, तर केळीच्या बागांनी आपल्याला ओळखीचे करून दिलेले ठिबक वाफ्यातही चालते. अंगण नसलेल्यांनी गच्चीवर मोठ्या कुंड्या मांडाव्यात. ऊन तेवढे भरपूर हवे.

आणि मग माघात फुले आली, की घरात वाद उभा राहतो. आजी म्हणतात, “फूल देवाचे, ते दांड्यासकट कापून टेबलावर कसले ठेवता?” त्यांना म्हणावे, पहिली ओंजळ देवाचीच. पण पुढची कात्री थांबवू नका. स्वीट पीच्या वेलावर शेंगा धरू लागल्या, की आपले काम झाले असे समजून तो फुलणे आवरते घेतो. जितके कापाल, तितके तो देईल. सकाळी लवकर, दांडा तिरका कापून लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. एक सावधगिरी मात्र हवी: स्वीट पीच्या शेंगा मटारासारख्या दिसतात, पण विषारी असतात. लार्कस्परही विषारीच. घरातील मुलांना हे आधीच बजावून ठेवावे.

होळीची धग लागली, की हे पाहुणे माना टाकतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दीड-दोन महिने त्यांनी घर भरून टाकलेले असते, चार शेजाऱ्यांच्या दारी जुड्या गेलेल्या असतात. एखादा वेल न कापता ठेवावा, त्याचे बी कागदात बांधून पुढल्या दिवाळीसाठी जपावे आणि पाण्याची झारी मोगऱ्याकडे वळवावी. चैत्र सांभाळायला तो समर्थ आहे!