चेलोचा संसार वाढवणारे रोस्त्रोपोविच

विसाव्या शतकाच्या आरंभी चेलोवादकाच्या हाताशी रचना मोजक्याच होत्या. बाखचे सहा सूट, बेथोव्हेन आणि ब्राम्सचे सोनाटा, हायडन, शुमान, द्वोर्झाक यांचे कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना), अशा थोडक्या ऐवजावर मैफली निभवायच्या. मोझार्ट आणि बेथोव्हेन यांचा चेलोसाठीचा एकही कॉन्चेर्टो आज उपलब्ध नाही. पियानो, व्हायोलिनला अशी ददात कधी पडली नाही. हे चित्र पालटण्यात सर्वांत मोठा वाटा म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच (१९२७-२००७) या रशियन वादकाचा. वादक, साथीदार, शिक्षक, वाद्यवृंद-संचालक आणि राजवटीपुढे न झुकलेला नागरिक, अशा पाच आघाड्यांवर ते वावरले. हयात कलावंताच्या पाठीशी उभे राहायचे, हा त्यांचा बाणा मात्र सगळीकडे एकच होता.

जन्म बाकूचा. वडील लिओपोल्ड चेलोवादक, आई पियानोवादक. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत ते संगीतकार शोस्ताकोविच यांचेही विद्यार्थी होते. १९४८ साली सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने शोस्ताकोविच आणि दुसरे संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्यावर ‘फॉर्मलिझम’चा, म्हणजे जनतेपासून तुटलेल्या रूपवादाचा, ठपका ठेवला. शोस्ताकोविच यांची अध्यापनाची नोकरी गेली, भले भले लोक दोघांना टाळू लागले. याच काळात तरुण रोस्त्रोपोविच आजारी प्रोकोफिएव्ह यांच्याकडे जात राहिले. चेलो सोनाटा (१९४९) आणि ‘सिंफनी-कॉन्चेर्टो’ (१९५२) या रचना त्या सहवासातून आल्या.

शोस्ताकोविच यांच्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोची हकिगत तर प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. ‘माझ्यासाठी लिहा’ असे त्यांना कधीही म्हणायचे नाही, असे शोस्ताकोविच यांच्या पत्नीने रोस्त्रोपोविच यांना बजावले होते. ते गप्प राहिले, वाट पाहिली. १९५९च्या उन्हाळ्यात स्वरलिपी हाती आली आणि चार दिवसांत ती मुखोद्गत करून त्यांनी शोस्ताकोविच यांच्यासमोर वाजवली. पहिल्याच क्षणी चेलो चार स्वरांची एक टोचरी आकृती मांडतो आणि ती पिच्छा सोडत नाही. पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न. तो चेलोशी प्रतिस्पर्ध्यासारखा भिडतो. तिसरा भाग अख्खा एकट्या चेलोचा, वाद्यवृंद तिथे पूर्ण मुका. एकाच वादकावर इतका भरवसा टाकणारे लेखन विरळाच.

१९६०मध्ये हीच रचना लंडनला ऐकताना इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन भारावले. त्यातून रोस्त्रोपोविच यांच्यासाठी एक सोनाटा, चेलो सिंफनी आणि तीन एकल सूट जन्माला आले. द्यूतियो आणि लुतोस्वाव्स्की या संगीतकारांचे कॉन्चेर्टोही १९७०मध्ये प्रथम त्यांनीच वाजवले. अशा नव्या चेलोरचनांची संख्या शंभरावर जाते.

पत्नी गालिना विश्नेव्स्काया बोल्शोई थिएटरच्या नामवंत गायिका. त्यांच्या गायनाला पियानोची साथ स्वतः रोस्त्रोपोविच करत, आणि तीही तोलामोलाची. शिक्षक म्हणून ते कडक होते. जॅकलिन दु प्रे, नतालिया गुटमन, मिशा मायस्की अशी नावे त्यांच्या वर्गातून गेली.

२१ ऑगस्ट १९६८. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरले, त्याच संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत वाद्यवृंदासह रोस्त्रोपोविच यांना वाजवायचा होता द्वोर्झाकचा, म्हणजे एका चेक संगीतकाराचा, कॉन्चेर्टो. सभागृहात निषेधाच्या घोषणा झाल्या. ते वाजवत राहिले. शेवटी त्यांनी द्वोर्झाकची स्वरलिपी उचलून श्रोत्यांसमोर उंच धरली. भाषणाची गरजच उरली नाही.

पुढे त्यांनी राजवटीच्या रोषाला पात्र ठरलेले लेखक सोल्झेनित्सिन यांना आपल्या घरात आसरा दिला आणि १९७०मध्ये त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांना खुले पत्र लिहिले. सोव्हिएत वृत्तपत्रांनी ते छापले नाही. परदेश दौरे मात्र बंद झाले. १९७४मध्ये देश सोडावा लागला, १९७८मध्ये नागरिकत्व गेले. त्याआधीच, १९७७पासून, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राची धुरा त्यांनी घेतली होती. ती १९९४पर्यंत सांभाळली. नोव्हेंबर १९८९मध्ये बर्लिनची भिंत खुली होताच ते तिथे पोचले आणि भिंतीपाशी खुर्ची टाकून त्यांनी बाख वाजवला. १९९०मध्ये हाच वाद्यवृंद घेऊन ते मॉस्कोला परतले. १९९१मध्ये कम्युनिस्ट कट्टरपंथीयांनी केलेल्या उठावात रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या बाजूने उभे राहायलाही ते विमान पकडून आले.

या धाडसाचे कौतुक जगभर झाले, आणि ते रास्तच आहे. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम स्वरलिपीत आहे. उपेक्षित, दबलेल्या संगीतकाराकडे जाऊन, त्याचे लेखन जीव ओतून वाजवून त्यांनी पुढच्या प्रत्येक चेलोवादकाच्या हाताशी भरपूर काही ठेवले. संगीतावर प्रेम करणाऱ्यांनी जुन्याचे जतन करावेच. पण आपल्या काळात लिहिणाऱ्याच्या दाराशीही जावे. वाचकहो, सुरुवात शोस्ताकोविच यांच्या त्या पहिल्या कॉन्चेर्टोपासून करा, आणि रोस्त्रोपोविच यांच्याच वादनात तो ऐका.