कळसूबाईचा माथा थंड का?

गरम हवा वर जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आता एप्रिलच्या दुपारी अकोले तालुक्यातील बारी गावातून कळसूबाई चढायला लागा. पायथ्याशी अंगाची लाही होते. १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर, देवीच्या लहानशा देवळापाशी, वारा मात्र गार लागतो. खालची गरम हवा वर जात असेल, तर तेथे भट्टीच पेटायला हवी होती! (माथा सूर्याला जवळ, असेही कोणी म्हणेल. पंधरा कोटी किलोमीटरांपुढे दीड किलोमीटरची ती काय मातब्बरी!)

आधी हवा वर का जाते ते पाहू. समुद्रसपाटीच्या दाबाखाली २७ अंश सेल्सिअसची एक घनमीटर कोरडी हवा सुमारे ११७६ ग्रॅम भरते. ३७ अंशांची सुमारे ११३८ ग्रॅम. फरक अवघा ३८ ग्रॅमांचा, पण तेवढा पुरतो. मात्र गरम हवा स्वतःहून उडत नाही. भोवतालची थंड, जड हवा तिच्याखाली शिरते आणि तिला वर ढकलते. पाण्यात दाबलेला लाकडाचा ठोकळा वर येतो तसेच हे. शाईच्या दौतीत गरम रंगीत पाणी भरून ती थंड पाण्याच्या मोठ्या बरणीत अलगद बुडवा. रंगाचा झोत वर चढताना दिसेल. तापलेल्या शेतांवरून हवेचे असेच लोट उठतात. पंख न हलवता घिरट्या घालत उंच जाणारी घार त्यांच्यावरच स्वार झालेली असते.

आता खरी मेख. वर दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते. प्रसरण पावताना ती भोवतालच्या हवेला रेटते आणि त्यासाठी स्वतःजवळचीच ऊर्जा खर्च करते. वाटेत तिला तापवणारे कोणी नसते, म्हणून ती थंड होते. सायकलच्या भरलेल्या ट्यूबमधली हवा सोडून झोतापुढे बोट धरा, म्हणजे पटेल. कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने थंड होते. म्हणजे पायथ्याची ३७ अंशांची हवा ८०० मीटर चढली की २९ अंशांवर येते.

मग थंड झालेली हवा लगेच खाली का येत नाही? कारण तिची तुलना पायथ्याच्या हवेशी करायचीच नसते. त्याच उंचीवरच्या शेजारच्या हवेपेक्षा ती गरम असेल, तोवर ती चढत राहते. आपल्या पुस्तकांतील वाक्यात हा शेजारी नेमका गाळलेला असतो.

हिवाळ्यात याची उलट बाजू दिसते. रात्री जमीन निवते, उतारांवरची थंड हवा घरंगळत प्रवरेच्या खोऱ्यात साठते आणि तिच्यावर तुलनेने उबदार थर राहतो. पहाटे चुलीचा धूर थोडा चढतो. पण त्या थरापाशी पोहोचेपर्यंत त्याची ऊब संपलेली असते आणि तो आडवा पसरतो. डिसेंबरात एखाद्या निरभ्र, निवांत पहाटे उंचावर उभे राहून ही धुराची चादर पाहा. ऊन चढू लागल्यावर ती किती वाजता मोडते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवा.